चुन्याची भिंत आणि तिचा रंग

पुण्याच्या वाड्यांचा इतिहास सांगताना आपण चौक, कारंजी, सुरूचे खांब यांचे वर्णन करतो. भिंतीच्या गिलाव्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या. पण दगडविटांचा तट आजही उभा आहे. त्या काळच्या अशा पक्क्या बांधकामाचे बळ चुन्यात होते.

चुनखडी सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली म्हणजे कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून, वाळू घालून, बैलाच्या घाणीत मळीत. भिंतीवर बसल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीच होतो. ही चुनखडी मात्र सच्छिद्र असते. जुनी वीट जोत्यातून ओल वर ओढते. पावसाळ्यात प्यालेले हे पाणी पुढे उन्हात गिलाव्यावाटे वाफ होऊन निघून जाते. सणासुदीची सफेदीही चुन्याचीच असल्याने ही वाट कधी बुजत नसे.

१८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. १९१४ साली पोरबंदरास सिमेंट तयार होऊ लागले. पुढे घरोघरी तैलरंग आले, त्यामागून प्लॅस्टिक रंग आले. नव्या काँक्रीटच्या घरांना ते शोभले. परंतु तेच जुन्या भिंतीवर चढले, तेव्हा ओल आत कोंडली. क्षार पापुद्र्यामागे साचले, लोणा धरला, पोपडे सुटले, विटा झडू लागल्या आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागली. दोष रंगाचा नव्हे, निवडीचा होता.

म्हणून वाड्याच्या धन्याने आधी पन्हळी, कौले आणि जोते पाहावे. ओलीचे मूळ तेथे असते. मग भिंतीवर पाण्याचे थेंब टाकावेत. ते शोषले न जाता ओघळले, तर वर बंद रंगाचा थर आहे असे समजून तो हलक्या हाताने काढावा. त्यावर चुन्याचीच सफेदी द्यावी. रंग हवा असल्यास गेरू किंवा पिवळी माती मिसळावी. अधिक टिकाऊ रंग हवा असेल, तर बव्हेरियात आडोल्फ विल्हेल्म काइम याने १८७८ साली पेटंट घेतलेले सिलिकेट रंग आहेत. ते खनिज गिलाव्याशी एकजीव होतात आणि वाफेची वाट मोकळी ठेवतात. मात्र जुन्या तैलरंगावर ते धरत नाहीत.

चुन्याची सफेदी दर काही वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, ही तिच्याविरुद्धची नेहमीची तक्रार. पण त्या निमित्ताने घरधनी भिंतीजवळ जात असे आणि चीर लहान असतानाच बुजवीत असे. पूर्वजांनी वाडे बांधले, तसाच त्यांचा सांभाळ करण्याचा रिवाजही घालून दिला. वाडा राखावयाचा, तर तो रिवाजही राखला पाहिजे.