संकेतस्थळाचा पत्ता बदलताना...

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याने कालांतराने माहितीच्या महाजालावरही आपले स्थान निर्माण केले. जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ पूर्वी 'नंदुरबार.निक.इन' या पत्त्यावर होते. आज ते 'नंदुरबार.गव्ह.इन' या पत्त्यावर आहे. बदल वरकरणी तीन अक्षरांचा दिसतो. मात्र सुरू असलेले संकेतस्थळ नव्या नावावर नेणे ही केवळ पाटी बदलण्याची बाब नसून, जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नेमक्या कागदापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी त्यात अंतर्भूत असते.

नावामागची व्यवस्था

महाजालावरील प्रत्येक संगणक अंकांनी ओळखला जातो. हे अंक लक्षात ठेवणे माणसाला कठीण. त्यासाठी १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी 'डोमेन नेम सिस्टीम'ची रचना मांडली. वाचकाने नाव टंकित केले की ही व्यवस्था त्याचा अंकीय पत्ता शोधून देते. भारतासाठी '.इन' हे नाव राखलेले असून २००५ पासून त्याची नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. त्यातील 'गव्ह.इन' हा विभाग केवळ शासकीय संस्थांसाठी राखीव आहे. 'निक.इन' हे नाव राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे सेवा पुरविणाऱ्या यंत्रणेचे; 'गव्ह.इन' मात्र थेट शासनाची ओळख सांगते. या केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी 'एसथ्रीवास' ही सामाईक चौकट उभारली. नंदुरबारचे संकेतस्थळही याच चौकटीत आहे.

स्थलांतराचे टप्पे

पहिले काम यादीचे. जुन्या संकेतस्थळावरील प्रत्येक पान, प्रत्येक पीडीएफ आणि प्रत्येक छायाचित्र यांचे पूर्ण पत्ते एका स्तंभात आणि त्यांचे नवे पत्ते दुसऱ्या स्तंभात मांडले जातात. नावाबरोबर संकेतस्थळाची मांडणीही बदलत असेल, तर या यादीला पर्याय नाही.

दुसरे काम पुनर्निर्देशनाचे. टपाल कार्यालय जुन्या घरी आलेले पत्र नव्या घरी पाठविते, तसेच हे. त्यासाठी सर्व्हर '३०१' हा संकेत देतो. त्याचा अर्थ 'पान कायमचे हलविले आहे' असा होतो. '३०२' हा संकेत तात्पुरत्या बदलासाठी असतो. तो चुकून वापरला गेल्यास शोधयंत्रे जुनाच पत्ता खरा धरून चालण्याची शक्यता असते. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळविणे हीदेखील नेहमी आढळणारी चूक होय. भूसंपादनाची सूचना शोधणाऱ्याला मुखपृष्ठ दाखविणे म्हणजे कागद हरवल्यासारखेच आहे.

तिसरे काम सुरक्षा प्रमाणपत्राचे. नव्या नावासाठी ते घेतले जातेच. पण जुन्या नावाचे प्रमाणपत्रही वैध ठेवावे लागते. ते संपले तर पुनर्निर्देशन घडण्यापूर्वीच ब्राउझर धोक्याची सूचना दाखवितो आणि वाचक तेथूनच परत फिरतो.

ई-मेलचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पानांचे पुनर्निर्देशन केल्याने पत्रव्यवहार आपोआप वळत नाही. त्याच्या नोंदी वेगळ्या असतात आणि जुन्या पत्त्यावर येणारे अर्ज व तक्रारी मिळत राहतील, अशी सोय निराळी करावी लागते.

शोधयंत्रांना नव्या नावाची वर्दी देण्यासाठी गुगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये पत्ता बदलल्याची नोंद करण्याची सोय आहे. पुनर्निर्देशन किमान एक वर्ष, आणि शक्य असल्यास त्याहून अधिक काळ सुरू ठेवावे, असा गुगलचा सल्ला आहे.

छापील पत्त्याचे काय?

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार २९५ असून त्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के आहे. सातपुड्याच्या दुर्गम पाड्यावरील माणसाला संकेतस्थळाचा पत्ता शोधयंत्रातून नव्हे, तर फलकावरून, पत्रकावरून किंवा कोणा शिकलेल्याने वहीत लिहून दिलेल्या ओळीवरून मिळू शकतो. फलक आणि पत्रके एका रात्रीत बदलत नाहीत. छापलेला क्यूआर कोडही जुनाच पत्ता दाखवीत राहतो. सरदार सरोवर प्रकल्पाने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. पुनर्वसनासारख्या प्रश्नात वर्षानुवर्षांपूर्वीचा आदेश किंवा यादी निर्णायक ठरू शकते. अर्जात किंवा दाव्यात नमूद केलेला दुवा उघडलाच नाही, तर पुरावा असूनही तो दाखविता येत नाही.

दुवे मृत होण्याचे प्रमाण जगभर मोठे आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधील अभ्यासानुसार, २०१३ मध्ये उपलब्ध असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. 'वर्ल्ड वाइड वेब'चे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर पत्ते मुळात बदलूच नयेत, असा आग्रह १९९८ मध्येच धरला होता.

खासगी संस्थांसाठी सावधगिरी

'गव्ह.इन'खालील नाव खासगी व्यक्तीला घेता येत नाही. शाळा, पतसंस्था, विश्वस्त संस्था किंवा व्यापारी यांच्या नावांना मात्र असे संरक्षण नसते. नवे नाव घेतल्यावर जुन्याचे नूतनीकरण थांबविले, तर मुदतीनंतर ते कोणालाही विकत घेता येते. जुन्या ओळखीचा फायदा घेऊन तेथे जाहिराती किंवा बनावट पाने उभी केली जातात. एवढेच नव्हे, तर जुन्या ई-मेल पत्त्यांवर येणारी पत्रेही नव्या मालकाच्या हाती पडू शकतात. बँक वा अन्य सेवांचे परवलीचे शब्द त्याच पत्त्यावर मागविले जात असतील, तर धोका अधिकच वाढतो. म्हणून जुने नाव अनेक वर्षे स्वतःकडे राखणे हिताचे असते. त्याचा वार्षिक खर्च संभाव्य हानीच्या तुलनेत नगण्य आहे.

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत '.भारत' हे नावही उपलब्ध झाले असून ते मराठीसाठीही वापरता येते. असे नाव घेताना जुने रोमन नाव सोडून न देता दोन्ही नावे एकाच ठिकाणी पोहोचतील, अशी व्यवस्था करणे इष्ट. स्थलांतर पूर्ण झाल्यावर जुन्या यादीतील पत्ते एकेक करून उघडून पाहावेत, आणि हीच तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करावी.