वादळांच्या मागावरचा एक हौशी माणूस

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनार्‍याजवळून उत्तरेकडे सरकले. झाडे मोडली, विजेचे खांब पडले, गावेच्या गावे काळोखात गेली. हवामान खात्याचे इशारे आधीच आले होते. तरीही घरोघरी कोणी ना कोणी मोबाईलवर वार्‍याचा नकाशा उघडून ‘आता ते कुठे पोचले’ हे सांगत बसलेला होताच. हा छंद नवा वाटतो, पण आपल्या देशात तो पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

हेन्री पिडिंग्टन हा इंग्रज व्यापारी जहाजांवरचा दर्यावर्दी. दर्या सोडून तो कलकत्त्यात स्थिरावला आणि तेथील भूगर्भविषयक संग्रहालय सांभाळू लागला. वादळे हे काही त्याचे पोटापाण्याचे काम नव्हते. पण विल्यम रीड यांचा वादळांच्या नियमांवरचा १८३८ सालचा ग्रंथ त्याच्या हाती आला आणि तो त्यापायी अक्षरशः झपाटला. बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांच्या रोजनिशा त्याने कप्तानांकडून मागवायला सुरुवात केली. अमुक वेळी जहाज कुठे होते, वारा कुठून होता, वायुभारमापकाचा पारा किती उतरला होता, हे सारे तो नकाशावर मांडी. दहा जहाजांचे दहा वारे एकत्र मांडले की मधोमध वादळाचे केंद्र दिसे! १८३९पासून एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे हे लेख येऊ लागले.

१८४८ साली त्याने खलाशांसाठी पुस्तक काढले. त्यासोबत शिंगापासून केलेले पातळ, पारदर्शक पत्रे होते. नकाशावर पत्रा ठेवावा आणि वादळ कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. गोलाकार फिरणार्‍या या वादळांना सापाच्या वेटोळ्यावरून, ग्रीक शब्दाच्या आधाराने, ‘सायक्लोन’ हे नाव त्यानेच दिले. आपला ‘चक्रीवादळ’ हा शब्द त्याच कल्पनेचा.

त्याचा नियम गोवेकरालाही पडताळून पाहता येतो. आपल्या गोलार्धात वार्‍याकडे तोंड करून उभे राहिले की केंद्र साधारणतः उजव्या हाताला असते. आग्नेयेचा वारा सुटला तर वादळ नैर्ऋत्येला, दर्यात. तोच वारा दक्षिणेवरून नैर्ऋत्येकडे फिरत गेला की समजावे, ते आपल्यापुढून उत्तरेकडे निघून चालले आहे.

दर्याच्या लाटेचे भय मात्र त्याला वार्‍याहून जास्त. १७८९ सालच्या वादळात आंध्र किनार्‍यावरचे कोरिंगा लाटांखाली गेले होते. म्हणून सुंदरबनात मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा घाट घातला गेला तेव्हा, १८५३मध्ये, त्याने थेट गव्हर्नर जनरल डलहौसी यांना जाहीर पत्र लिहिले: वादळाबरोबर खार्‍या पाण्याचा लोंढा आत शिरेल आणि वस्ती बुडेल. एका छांदिष्टाचे कोण ऐकतो? पोर्ट कॅनिंग उभे राहिलेच.

पिडिंग्टन १८५८ साली वारला. १८६४च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या वादळाने हजारो माणसे घेतली, आणि त्यानंतर कुठे पुढच्या वर्षी त्या बंदरावर धोक्याच्या इशार्‍यांची व्यवस्था झाली. हवामान खाते तर १८७५चे. मातलावर ती लाट आली १ नोव्हेंबर १८६७ला. धक्के, गोदामे, घरे सगळ्यांची तिने नासधूस केली. व्यापार तसाही जमत नव्हता. काही वर्षांतच बंदर सोडून देण्यात आले.