सांता मोनिकाचे पाणी : दोन कायद्यांमधली फट

१/ १९९६ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचे जवळपास निम्मे पाणी हातचे गेले. कारण होते पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई हे रसायन.

२/ पंपांखालच्या पोलादी टाक्या गंजून गळतात, हे अमेरिकी संसदेला ठाऊक होते. १९८४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. जुन्या टाक्या सुधारण्याची मुदत मात्र १९९८ पर्यंत राहिली.

३/ दरम्यान, १९९० च्या हवाशुद्धीविषयक दुरुस्तीने इंधनात ऑक्सिजनयुक्त घटक वाढवले. एमटीबीईचा वापर झपाट्याने वाढला, तोही त्याच गळक्या टाक्यांतून.

४/ गळलेले पेट्रोल बरेचसे मातीत अडकते किंवा भूजलावर तरंगते. जिवाणू त्याचे हळूहळू विघटन करतात. एमटीबीई मात्र पाण्यात सहज विरघळून प्रवाहाबरोबर दूर जाते.

५/ म्हणूनच पंप बंद झाला तरी चौकशी संपत नाही. टाक्यांच्या जागी छिद्रे घेऊन निरनिराळ्या खोलीवरची माती तपासली जाते. किमान तीन निरीक्षण-विहिरींतील जलपातळींची तुलना केली की भूजलाच्या प्रवाहाची दिशा कळते. त्या दिशेने मागे गेल्यास गळतीचा उगम सापडतो. पुढे गेल्यास धोक्यातली विहीर.

६/ कॅलिफोर्नियात २००४ पासून एमटीबीईवर बंदी आली. सांता मोनिकाच्या चार्नॉक विहिरींचे पाणी शुद्ध करून पुन्हा नळांना येण्यास जवळपास दीड दशक लागले.

७/ एका कायद्याने हवा पाहिली, दुसऱ्याने टाकी. दोन्ही एकत्र वाचण्याचे काम अखेर विहिरींनीच केले.