नळांचे नियम कसे घडले?

वाचकहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु कारखान्यातील लोखंडी नळांनाही इतिहास आहे, आणि त्यासाठी माणसांनी प्राणांचे मोल दिले आहे. आपल्या कोकणातील कितीतरी तरुण फिटर-वेल्डर म्हणून आखाती देशांतील तेलशुद्धीकरण कारखान्यांत गेले. ज्या नळांवर त्यांचा हात चालतो त्यांचे नियम कोठून आले, हे आपणांस ठाऊक असावे म्हणून हा अल्प प्रयत्न.

२० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील ब्रॉकटन गावी बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ माणसे दगावली. या धक्क्याने मॅसॅच्युसेट्स राज्याने १९०७ मध्ये बॉयलरचे नियम कायद्याने बांधून दिले. पुढे अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बॉयलरसंहिता तयार केली. मग नळांची पाळी आली. १९२६ साली 'बी-३१' या क्रमांकाने काम सुरू झाले व १९३५ मध्ये दाबाखालील नळांची पहिली संहिता निघाली. वाफेचे नळ वेगळे, दूर अंतरावर तेल नेणारे वेगळे, रसायनांचे वेगळे, हे ध्यानात आल्यावर तिचे स्वतंत्र भाग झाले. कारखान्यातील प्रक्रियेच्या नळांचा भाग तो 'बी-३१.३'.

ही संहिता विचारते तरी काय? आत दाब किती व नळ किती रुंद, यांवरून जाडी ठरवा. गंजून झिजेल तेवढी जाडी वर धरा. तापल्यावर नळ लांबतो, त्याला जागा ठेवा. शंभर मीटर पोलादी नळ शंभर अंशांनी तापला तर सुमारे बारा सेंटिमीटर वाढतो! त्याला आधार कोठे द्यायचा ते आधी ठरवा. शेवटी, काम सुरू करण्यापूर्वी नेहमीपेक्षा अधिक दाब देऊन नळाची परीक्षा घ्या.

नियम असूनही न पाळल्यास काय होते, ते इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे दिसले. नायलॉनचा कच्चा माल बनविणाऱ्या या कारखान्यात सायक्लोहेक्झेन हे ज्वालाग्राही द्रव सुमारे १५५ अंशांवर, दाबाखाली, सहा टाक्यांतून वाहत असे. मार्च १९७४ मध्ये पाचव्या टाकीला तडा गेला. ती काढून चौथी व सहावी टाकी वीस इंची नळाने जोडली. दोन्ही तोंडे एका पातळीत नसल्याने नळ पायरीसारखा वाकविला. दोन्ही टोकांना भात्यासारखे लवचीक जोड होते. आतील दाबामुळे असा नळ पिळवटला जाईल, हे कोणी मोजले नाही. आकृती काढली ती कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने! ब्रिटिश मानक उपलब्ध होते, पण ते कोणी उघडून पाहिले नाही. सुरक्षा-झडप ११ किलो दाबाला उघडणारी, परीक्षा मात्र ९ किलोपर्यंतच झाली. आधाराला बांधकामाच्या परांचीचे नळ लावले होते.

दोन महिने सारे सुरळीत चालले. १ जून १९७४ रोजी, शनिवारी दुपारी पाचच्या सुमारास, तो नळ निखळला, वायूचा ढग पेटला आणि २८ कामगार मृत्युमुखी पडले. सुट्टीमुळे कचेऱ्या रिकाम्या होत्या, अन्यथा आकडा कितीतरी वाढला असता. चौकशी मंडळाने या तात्पुरत्या नळाकडेच बोट दाखविले.

वाचकहो, त्या कारखान्यात हुशार माणसे नव्हती असे नाही. यंत्रशाखेचा जाणकार अभियंता त्या वेळी जागेवर नव्हता, आणि काम लवकर सुरू करण्याची घाई होती. संहिता म्हणजे आपल्याआधी ज्यांनी किंमत मोजली त्यांचा लेखी अनुभव. परंतु तो कपाटात बंद राहिला तर कोणाचेही रक्षण करीत नाही. म्हणून आपल्या मुलांना हातोडी धरायला शिकविताना पुस्तक उघडून पाहण्याची सवयही लावू या. 'हे कोणी मोजले आहे काय?' असे वरिष्ठांना नम्रपणे विचारण्याचे धैर्यही त्यांना देऊ या. एखाद्या दिवशी त्या एका प्रश्नावर अनेकांचे घरी परतणे अवलंबून असेल.