बाहूंचा करार

पाणी उताराकडे वाहते आणि मजूर मजुरीकडे जातो, असे सामान्यतः मानले जाते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु पाण्याचे पाट जसे कोणीतरी खोदलेले असतात, तशाच मजुरांच्या वाटाही पुष्कळदा सरकारी कचेऱ्यांतून आखल्या जातात. युद्धकाळी तर ही आखणी उघड्या डोळ्यांना दिसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको या दोन शेजाऱ्यांनी केलेला शेतमजुरांचा करार हे तिचे ठळक उदाहरण होय.

या कराराची पूर्वपीठिका विलक्षण आहे. 1929 नंतरच्या मंदीत अमेरिकेने मेक्सिकन वंशाच्या लाखो लोकांना आगगाड्यांत बसवून सरहद्दीपार धाडले होते. त्यांत अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे त्याच देशाचे नागरिक असलेलेही पुष्कळ होते. डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि चित्र पालटले. तरुण सैन्यात गेले, उरलेले युद्धसाहित्याच्या कारखान्यांकडे वळले. फेब्रुवारी 1942 मध्ये निघालेल्या अध्यक्षीय हुकुमान्वये पॅसिफिक किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत कोंडण्यात आले. त्यांत भाजीपाला पिकवणारे कुशल शेतकरी कितीतरी होते. ज्या राज्यसत्तेने आपल्या हुकुमाने शेते ओस पाडली, तिलाच आता ती शेते राखण्यासाठी हात शोधणे भाग पडले.

मे 1942 मध्ये जर्मन पाणबुड्यांनी मेक्सिकोची तेलवाहू जहाजे बुडवली आणि मेक्सिको दोस्त राष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरला. सैन्याऐवजी त्याने प्रथम दिले ते मनुष्यबळ. 4 ऑगस्ट 1942 रोजी करार झाला. ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. त्यावरून या मजुरांना ‘ब्रासेरो’ हे नाव पडले. कराराच्या अटी कागदावर उत्तम होत्या. मजुरास सैन्यात भरती करावयाचे नाही. वंशावरून भेदभाव करावयाचा नाही. जाण्यायेण्याचा खर्च द्यावयाचा. ताशी किमान 30 सेंट किंवा त्या भागातील चालू दर यांपैकी जो अधिक तो द्यावयाचा. कराराच्या मुदतीतील तीन चतुर्थांश दिवस तरी काम पुरवावयाचे. आणि मालक कोण? तर खुद्द अमेरिकन सरकार. त्याने मजूर आणावेत आणि शेतमालकांना पुरवावेत, अशी योजना होती.

हिंदुस्थानच्या वाचकाला येथे गिरमिटाची आठवण होणे साहजिक आहे. ती मजूरभरती 1917 साली, पहिल्या महायुद्धाच्या ऐन काळातच थांबली. परंतु गिरमिटियाच्या बाजूने बोलणारे त्याचे स्वतःचे सरकार नव्हते. ब्रासेरोच्या बाजूने बोलणारे होते. त्याचा प्रत्यय लवकरच आला. टेक्सासमध्ये मेक्सिकन माणसाला हॉटेलांत व नाटकगृहांत मज्जाव होई. सबब त्या संस्थानाला मजूर देण्याचे मेक्सिकोने नाकारले. 1943 साली टेक्सासच्या विधिमंडळाने भेदभावाविरुद्ध ठराव केला, तरी मेक्सिकोचे समाधान झाले नाही आणि युद्ध संपेपर्यंत टेक्सासला ब्रासेरो मिळाला नाही. युद्धाने दुर्बळ शेजाऱ्याच्या शब्दालाही वजन आणले होते.

परंतु युद्धाने शेतमालकांचेही बळ वाढवले. 1943 च्या एप्रिलमधील कायद्याने सरकारी पैशातून मजूर आणण्याची तरतूद केली. त्याच वेळी स्थानिक शेती अधिकाऱ्याच्या संमतीवाचून देशी शेतमजुराला सरकारी खर्चाने दुसऱ्या भागात नेण्यास बंदी घातली. परक्या मजुराला सरहद्द ओलांडण्यास सरकार भाडे देत होते, आणि घरच्या मजुराला चांगल्या मजुरीकडे जाण्यास मात्र तेच सरकार मदत नाकारीत होते. रेल्वेमार्गांच्या देखभालीसाठीही एक लाखाहून अधिक मेक्सिकन कामगार युद्धकाळात आणले गेले.

1945 साली युद्ध संपले. करार संपला नाही. रेल्वेचे मजूर परत धाडले गेले, परंतु शेतमालकांना स्वस्त आणि करारबद्ध हातांची सवय जडली होती. पुढे सरकारने मालकपण सोडले व मजुरांचा करार थेट शेतमालकांशी होऊ लागला. कापसाच्या वेचणीचा दर किती असावा यावरून ऑक्टोबर 1948 मध्ये वाद पेटला, तेव्हा एल पासो येथे अमेरिकन अधिकाऱ्यांनी सरहद्दच मोकळी केली. नदी ओलांडून आलेल्या हजारो माणसांना नावापुरती अटक करून शेतमालकांच्या हवाली करण्यात आले. मेक्सिकोने करार मोडीत काढला. अमेरिकेने खेद व्यक्त केला. कापूस मात्र तोवर वेचला गेला होता. 1950 साली कोरियाचे युद्ध भडकले आणि 1951 साली नव्या कायद्याने ही व्यवस्था पुन्हा पक्की झाली.

या व्यवस्थेत मजुराची स्थिती काय होती? भरतीच्या ठिकाणी त्याचे तळहात तपासले जात. घट्टे असतील तरच तो कामाचा. यादीत नाव लागावे म्हणून गावोगाव लाच द्यावी लागे. सरहद्दीवरील केंद्रांत त्याच्या उघड्या अंगावर डीडीटीची भुकटी फवारली जाई. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर कंबरेतून वाकून काम करावे लागे. ही कुदळ 1975 साली निषिद्ध ठरली. सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्याला मालक बदलता येत नसे. तक्रार करणाऱ्याला परतीची वाट दाखवणे सोपे होते. 1954 साली विनापरवाना आलेल्यांना हाकलण्याची मोठी मोहीम निघाली. दोनच वर्षांनी, 1956 मध्ये, करारांचा आकडा सुमारे 4,45,000 या शिखरावर पोहोचला. हाकलणे आणि बोलावणे ही एकाच धोरणाची दोन अंगे होती.

17 सप्टेंबर 1963 रोजी कॅलिफोर्नियातील चुआलार गावानजीक रेल्वे फाटक ओलांडताना मजुरांनी भरलेल्या गाडीला आगगाडीची धडक बसली. ती गाडी म्हणजे बाके टाकून बसची केलेली मालमोटार होती. 32 ब्रासेरो दगावले. लोकमत आधीच विरुद्ध जाऊ लागले होते. 1964 च्या अखेरीस योजना बंद झाली. बावीस वर्षांत सुमारे 46 लाख करार झाले होते. दुसऱ्याच वर्षी डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो आणि मेक्सिकन शेतमजुरांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. परंतु बावीस वर्षे तुडवलेल्या वाटा एका कायद्याने पुसल्या जात नाहीत. गावांना शेतांचा पत्ता ठाऊक होता, शेतांना गावांचा. परवाना गेला, ये-जा राहिली. कालचा पाहुणा आज गुन्हेगार ठरला, एवढाच फरक.

कराराचे एक कलम उल्लेखाविना राहून चालणार नाही. युद्धकाळात प्रत्येक मजुराच्या मिळकतीतून शेकडा 10 कापून घेतले जात. ही त्याची बचत. घरी परतल्यावर ती मेक्सिकोतील बँकेतून मिळावयाची होती. असंख्यांना ती मिळालीच नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे म्हातारे एकत्र आले, मोर्चे काढू लागले, न्यायालयात गेले. 2005 साली मेक्सिको सरकारने प्रत्येकी 38,000 पेसो देण्यासाठी निधी काढला. तोवर ज्यांचे बाहू त्या शेतांत राबले होते, त्यांतील कितीतरी जण हयात नव्हते. आणि जे होते, त्यांना साठ वर्षांपूर्वीचे कागद मागण्यात येत होते.

राज्यसत्तेला युद्धासाठी दोन लाखांहून अधिक माणसे मोजून नेता आली, त्यांचे घट्टे तपासता आले, त्यांच्या मजुरीतून दर आठवड्याला नेमकी कपात करता आली. ती कपात परत करण्याची वेळ आली तेव्हा मात्र तिच्या वह्या सापडेनाशा झाल्या. स्थलांतराचे नियोजन करणाऱ्या कोणत्याही सरकारची परीक्षा माणसे नेताना होत नाही. ती होते त्यांचा हिशेब चुकता करताना.