उमेदवारीची वर्षे

'उमेदवार' म्हटले की आज डोळ्यांपुढे निवडणूक उभी राहते. परंतु फारसीत 'उमेद' म्हणजे आशा, आणि नोकरीच्या आशेवर कचेरीत विनावेतन राबणारा तो उमेदवार, हा त्या शब्दाचा जुना आणि अधिक करुण अर्थ आहे. शाळेनंतर कॉलेज हा राजमार्ग ठरण्यापूर्वी लिहित्या घरांतील मुलाची वाट बहुधा या उमेदवारीतूनच जात असे.

मिसरूड न फुटलेला मुलगा चुलत्याच्या वा मामाच्या वशिल्याने एखाद्या कारकुनाच्या पाठीशी येऊन बसे. बोरू तासावा, कागदावर आधी आडवी रेघ ओढून घ्यावी, मग तिच्याखाली मोडी अक्षरे टांगीत, हात शक्य तितका न उचलता, ओळ तडीस न्यावी आणि ओल्या शाईवर वाळू भुरभुरावी, हा त्याचा पहिला धडा. नकला करता करता खर्डे, खर्ड्यांवरून मायने, मायन्यांवरून जमाखर्च आणि ताळेबंद, असा तो पायरीपायरीने चढे. कागद रुमालात कोणत्या क्रमाने बांधावा, हेही तो तेथेच शिके. 'खर्डेघाशी' हा शब्द आपण हेटाळणीने उच्चारतो, पण हात वळत असे तो त्या घासण्यानेच. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होऊ शकले, याचे पुष्कळसे श्रेय, माझ्या मते, या अनाम हातांच्या शिस्तीस आहे.

तथापि या पद्धतीचा गौरव करताना तिचा अन्याय झाकून चालणार नाही. तिचे दार जातीचे आणि नात्याचे होते. कुणब्याच्या मुलास त्या बैठकीवर सहसा जागा नसे, आणि ज्यांना समाजाने अस्पृश्य मानले त्यांना तर कचेरीची पायरीही दूर होती. शिवाय वेतनावाचून वर्षे काढणे ज्याच्या घरी दोन वेळची भाकर आहे त्यालाच परवडे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली, तीत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले. वशिल्याच्या जागी परीक्षा आली, हे मी मोठे पुण्यकर्म मानतो. पण फी, पुस्तके आणि परगावचा खर्च यांचे दार गरिबास तितकेच जड राहिले. गोपाळ गणेश आगरकरांना कऱ्हाडास कचेरीत कारकुनी करावी लागली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम करावे लागले, आणि एवढे झाल्यावर अकोल्याहून मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजात पोहोचले.

सर्वांनाच तसे पोहोचता आले नाही. १८७९ साली कृष्णराव गोखले वारले, तेव्हा त्यांचे वडील चिरंजीव गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलास दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली, आणि त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. आपणही शाळा सोडतो, असे त्या भावाने म्हटले. गोविंदरावांनी ऐकले नाही. तो भाऊ, गोपाळ कृष्ण गोखले, १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला. त्या पदवीचा इतिहास लिहिताना पहिले नाव गोविंदरावांचे लिहिले पाहिजे.