निवडणूक-अर्जातील प्रतिवादी

इंग्लंडातील एल्सबरी येथील मॅथियस ॲशबी या मतदाराचे मत स्वीकारण्यास विल्यम व्हाइट व इतर निवडणूक अंमलदारांनी नकार दिला, तेव्हा ॲशबीने त्यांच्यावरच नुकसानभरपाईचा दावा लावला. न्यायालयात एकटे सरन्यायाधीश होल्ट त्याच्या बाजूचे होते. परंतु १७०४ मध्ये उमराव-सभेने त्यांचेच मत उचलून धरले. पुढे १८६८ च्या कायद्याने असे तंटे न्यायाधीशांकडे गेले, तेव्हाही निर्वाचन अधिकाऱ्याच्या वर्तनाविषयी तक्रार असल्यास तो प्रतिवादी गणला जावा अशी तरतूद करण्यात आली. भारतीय कायद्याने मात्र हा मार्ग स्वीकारला नाही.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८२ मूळात साधे होते : रीतसर नामनिर्देशन झालेल्या सर्व उमेदवारांना अर्जदाराने प्रतिवादी करावे. तथापि, तसे न केल्यास अर्ज फेटाळावा, असे कायदा म्हणत नव्हता. म्हणून जगन्नाथ विरुद्ध जसवंतसिंग (१९५४) या खटल्यात, उमेदवारी मागे घेतलेल्या एका इसमाचे नाव राहून गेले असताही सर्वोच्च न्यायालयाने अर्ज बाद होऊ दिला नाही. १९५६ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. प्रतिवादींचे वर्तुळ लहान झाले. अर्जदाराला केवळ निवड रद्द करून हवी असेल तर निवडून आलेला उमेदवार पुरे, स्वतःला वा अन्य कोणास विजयी घोषित करून हवे असेल तर निवडणूक लढविलेले सर्व, आणि ज्याच्यावर भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल असा अन्य कोणताही उमेदवार. वर्तुळ आकसले, पण चूक प्राणघातक ठरली. कलम ८२ चे पालन न करणारा अर्ज फेटाळणे आता बंधनकारक झाले. मोहनराज विरुद्ध सुरेंद्रकुमार तापडिया (१९६९) या खटल्यातही प्रश्न उमेदवारी मागे घेतलेल्या इसमाचाच होता. त्याच्यावर लाचेचा आरोप होता आणि त्याला प्रतिवादी केलेले नव्हते. या वेळी अर्ज बुडाला. पंधरा वर्षांत न्यायबुद्धी बदलली असे नव्हे. बदलला तो कायद्याचा शब्द.

उमेदवार नसलेल्यांचे काय? ज्योती बसू विरुद्ध देवी घोषाल (१९८२) या खटल्यात १९८० च्या बराकपूर लोकसभा निवडणुकीसंबंधीच्या अर्जात पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांना व काही मंत्र्यांना प्रतिवादी करण्यात आले होते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी ती नावे वगळविली. निवडणुकीस आव्हान देण्याचा हक्क केवळ कायद्याने दिलेला आहे. दिवाणी दाव्यातील ‘योग्य पक्षकार’ ही कल्पना तेथे परकी आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. याच तर्काने निवडणूक आयोगही १९९१ च्या निर्णयात प्रतिवादींच्या बाहेर राहिला. ही शिस्त खटले आटोपशीर ठेवते हे खरे. पण ज्या अंमलदाराच्या कृतीने मतदाराचे नुकसान झाले, त्याला उत्तर द्यायला न बोलावता त्याच्याच कृतीचा निवाडा होतो, ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही.

परंतु प्रतिवादी नसणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे. कलम ९९ अन्वये, अर्जात पक्षकार नसलेल्या व्यक्तीलाही नोटीस व बचावाची संधी देऊन भ्रष्ट आचरणाबद्दल दोषी म्हणून नामनिर्देशित करता येते. मुंबईतील विलेपार्ले येथील १९८७ च्या पोटनिवडणुकीचा खटला हे याचे ठळक उदाहरण होय. अर्ज विजयी उमेदवार रमेश प्रभू यांच्याविरुद्ध होता. भाषणांमुळे बाळ ठाकरे यांना नोटीस गेली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांविरुद्धचा निष्कर्ष कायम केला, आणि १९९९ मध्ये ठाकरे यांचा मतदानाचा हक्क त्याच तारखेपासून सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.